उशिरा लागलेला पत्ता

ऑटिझम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मूल येतं. बोलायला उशीर झालेलं, हाकेला न वळणारं, खेळण्यातल्या गाडीचं चाक तासन्‌तास फिरवत बसलेलं. पंचेचाळीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी, दोन मुलांची आई ऑटिस्टिक असू शकते, हे अजून आपल्या कल्पनेत बसत नाही. पण गेल्या दोन दशकांत ज्यांचं निदान झालं त्यांत अशी मोठी माणसं झपाट्यानं वाढली आहेत. ब्रिटनमधल्या वैद्यकीय नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात १९९८ ते २०१८ या काळात ऑटिझमच्या नव्या निदानांचं प्रमाण ७८७ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. त्यातही मुलांपेक्षा मोठ्यांमधली आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमधली वाढ जास्त होती.

असे आकडे आले की ऑटिझमची साथ पसरल्याची हाकाटी होते. त्याला उत्तर इंग्लंडच्याच एका जुन्या पाहणीत सापडतं. २००७ साली तिथे मोठ्या माणसांच्या मानसिक आरोग्याची घरोघर पाहणी झाली, तेव्हा दर हजारी सुमारे दहा माणसं ऑटिस्टिक आढळली आणि वाढत्या वयाबरोबर हे प्रमाण घटलेलं दिसलं नाही. म्हणजे साठीची, सत्तरीची ऑटिस्टिक माणसंही समाजात होतीच. त्यांना कुणी ओळखलं नव्हतं. संशोधक त्यांना 'हरवलेली पिढी' म्हणू लागले.

ही पिढी हरवली कशी, सापडते कशी आणि अर्धं आयुष्य गेल्यावर स्वतःची नवी ओळख पटली की माणसाचं काय होतं, याचा हा आढावा. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. निदान हाती आलं म्हणजे ओळख मिळाली असं होत नाही. ती पुढे जवळच्या माणसांबरोबर घडवावी लागते, आणि ती माणसं ऐकायला तयार नसतील तर निदानाचा कागद कपाटातच पडून राहतो.

आधी इतिहास. मॉस्कोतल्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी १९२५ सालीच अशा सहा मुलग्यांचं बारकाईनं वर्णन केलं होतं, पण ते पाश्चात्त्य वैद्यकात फारसं कुणी वाचलं नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर लेख लिहिला, त्याच्या पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी बोलक्या, हुशार, पण इतरांत न मिसळणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं. कॅनर यांचा लेख इंग्रजीत होता म्हणून त्यांचंच चित्र जगभर रुजलं: ऑटिझम म्हणजे अगदी लहानपणी दिसणारी, दुर्मीळ आणि तीव्र अवस्था. त्यानंतर दोन दशकांहून जास्त काळ आयांना दोष देण्यात गेला. आई थंड, म्हणून मूल असं, ही कल्पना ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये पुस्तक लिहून घरोघरी पोचवली. खरं तर बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ सालीच ती खोडून काढली होती. ते स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग याही एका ऑटिस्टिक मुलीची आई. त्यांनी १९८१ मध्ये आस्पर्गर यांचं काम इंग्रजी वाचकांपुढे आणलं आणि ऑटिझमचा पट्टा रुंद आहे हे ठासून सांगितलं. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात 'आस्पर्गर' हे निदान शिरायला १९९४ साल उजाडलं. २०१३ मध्ये ते वेगळं नाव काढून सगळं एकाच 'ऑटिझम स्पेक्ट्रम'मध्ये घेतलं गेलं. नाझी काळात व्हिएन्नात अपंग मुलांना जिथे मारलं गेलं त्या संस्थेकडे आस्पर्गर यांनीही मुलं पाठवली होती, हे २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी पुढे आलं, तेव्हा अनेकांनी ते नाव स्वतःहून टाकून दिलं.

या तारखा महत्त्वाच्या आहेत. १९७५ साली शाळेत जाणारी, नीट बोलणारी, परीक्षेत पास होणारी एखादी मुलगी लीड्समध्ये असो की सांगलीत, तिच्याकडे पाहून ऑटिझमचं नाव घेईल असा डॉक्टरच तेव्हा नव्हता. तिला दुसरी नावं मिळाली. आपल्याकडे ती यादी तयारच असते: घुमी, शिष्ट, तऱ्हेवाईक, हट्टी, माणूसघाणी, अतिशहाणी. मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. सुरुवातीची बहुतेक वर्णनं मुलग्यांवर बेतलेली, आणि मुली लहानपणापासून इतरांची नक्कल करून निभावून नेण्यात तरबेज होतात. दर मुलीमागे चार मुलगे असं गुणोत्तर अनेक वर्षं सांगितलं जात होतं. २०१७ मधल्या एका मोठ्या विश्लेषणानं ते तीनाच्या आसपास असल्याचं दाखवलं, आणि मुलींचं निदान निसटतं असंही नोंदवलं.

काहींना नाव मिळालं, पण चुकीचं. स्कॉटलंडची गायिका सुझन बॉइल हिला लहानपणी जन्मावेळच्या इजेमुळे मेंदूला धक्का बसल्याचं सांगण्यात आलं होतं, आणि तो शिक्का शाळाभर तिच्यामागे राहिला. पन्नाशी ओलांडल्यावर आस्पर्गरचं निदान झालं, ते तिनं २०१३ मध्ये जाहीर केलं, आणि आपल्याला हायसं वाटलं असं सांगितलं. त्याच देशातली विनोदकार फर्न ब्रेडी हिला किशोरवयातच शंका आली होती. डॉक्टरांनी ती उडवून लावली आणि निदान व्हायला चौतिसावं वर्ष उजाडलं. नैराश्य, चिंताविकार, व्यक्तिमत्त्वविकार अशी निदानं गोळा करत, त्यांच्या गोळ्या खात वर्षानुवर्षं काढलेल्या स्त्रियांच्या कहाण्या आता पुस्तकरूपानं भरपूर आल्या आहेत.

मोठं माणूस या दारापर्यंत येतं कसं? बरेचदा स्वतःच्या मुलाचं बोट धरून. मुलाला घेऊन बालविकास केंद्रात गेलेला बाप तिथली प्रश्नावली भरताना थबकतो, कारण निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्याची स्वतःची असतात. 'न्यूरोडायव्हर्सिटी', म्हणजे मेंदूंच्या जडणघडणीतलं स्वाभाविक वैविध्य, ही कल्पना १९९८ च्या सुमारास मांडणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर होत्या. आपली आई, आपण आणि आपली मुलगी अशा तीन पिढ्यांकडे पाहून त्या तिथवर पोचल्या. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांच्या मुलाचं निदान आधी झालं, त्यांचं स्वतःचं पुढे चार वर्षांनी, छत्तिसाव्या वर्षी. दुसरा रस्ता कोसळण्याचा. वर्षानुवर्षं ओढून आणलेलं सोंग एका टप्प्यावर पेलेनासं होतं: बढती मिळते, बाळ होतं, आई आजारी पडते, रजोनिवृत्ती येते. कालपर्यंत जमणाऱ्या साध्या गोष्टी जमत नाहीत, बोलणं सुचत नाही, आवाज सोसत नाहीत. याला ऑटिस्टिक माणसं बर्नआउट म्हणतात. हा शब्द संशोधकांनी त्यांच्याकडून उचलला, हे मला नोंदवावंसं वाटतं, कारण या क्षेत्रात बरंचसं खरं ज्ञान असंच उलट्या दिशेनं आलं आहे.

प्रत्यक्ष तपासणी पाहिली तर तिच्यात यंत्रबिंत काही नसतं. रक्त तपासून किंवा मेंदूचा स्कॅन काढून ऑटिझम कळत नाही. एडीओएस नावाची जी चाचणी जगभर वापरतात, तिच्या मोठ्यांसाठीच्या भागात तज्ज्ञ समोर बसून गप्पा मारतो, मैत्री म्हणजे काय, एकटं कधी वाटतं असं विचारतो. एक जवळजवळ शब्दच नसलेलं चित्रांचं पुस्तक पुढे ठेवतो. त्यात बेडूक कमळाच्या पानांवर बसून रात्री गावावरून उडत जातात, आणि ती गोष्ट आपण सांगायची असते. मग समोर बेसिन आहे असं समजून दात कसे घासतात ते करून दाखवायचं. हाताखाली चाळीस माणसं असलेली इंजिनिअर बाई रिकाम्या हवेत ब्रश धरून उभी राहते, आणि समोरचा तिच्या उत्तराइतकंच तिच्या हाताकडे, नजरेकडे, बोलण्याच्या पट्टीकडे पाहत असतो.

तपासणीचा दुसरा भाग बालपणाचा असतो आणि त्यासाठी आई लागते. पंचाहत्तरीच्या आईला विचारलं जातं: हा पहिला शब्द कधी बोलला? बोट दाखवून वस्तू मागायचा का? पाहुणे आले की काय करायचा? आमच्याकडची ठरलेली उत्तरं येतात. "आमच्याकडे सगळेच असे. ह्याचे आजोबाही कुणाशी बोलायचे नाहीत." किंवा, "अगदी गुणी होता हो, एका कोपऱ्यात बसवला की दिवसभर तिथंच." ट्रंकेतून प्रगतिपुस्तक निघतं, त्यावर बाईंचा शेरा असतो: हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही. हा शेरा वर्षानुवर्षं तसाच येत गेलेला असतो आणि त्या प्रत्येक वर्षी घरच्यांनी मुलालाच बजावलेलं असतं, जरा मिसळत जा.

निदान कानावर पडल्यावर पहिली भावना बहुतेकांच्या बाबतीत सुटकेची असते. ब्रिटनमधल्या २००९ च्या एका अभ्यासात मोठेपणी आस्पर्गरचं निदान झालेल्या दहा जणांशी सविस्तर बोलणं झालं होतं. त्याच्या शीर्षकातच या निदानाला 'निर्दोष असल्याचा निकाल' म्हटलं आहे. आपण आळशी नव्हतो, उर्मट नव्हतो, वेडे नव्हतो. मग माणूस मागे वळतो आणि सगळं आयुष्य नव्यानं तपासू लागतो. वर्गातला तो मार, मोडलेली मैत्री, सासरी पहिल्याच मंगळागौरीत स्वयंपाकघराच्या मागे जाऊन रडणं, दोनदा सोडलेली नोकरी. प्रत्येक प्रसंगाला नवा अर्थ लागतो. ऑस्ट्रेलियात उत्तरवयात निदान झालेल्यांच्या मौखिक कहाण्या गोळा केल्या गेल्या, त्यांतही आयुष्य असं पुन्हा वाचणं हाच मुख्य धागा दिसतो. त्या प्रकल्पात वेन लॉसन यांच्यासारखे स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक होते.

सुटकेमागोमाग दुःख येतं, रागही येतो. दहाव्या वर्षी कळलं असतं तर? कुणी तरी ओळखायला हवं होतं! या टप्प्यावर नातेवाईक आणि कधी कधी डॉक्टरसुद्धा घाई करतात: आता कळलंय ना, मग आनंदानं स्वीकार, पुढं बघ. ही घाई मला अन्यायाची वाटते. जे वाया गेलं ते खरोखरच वाया गेलेलं असतं आणि त्याबद्दल शोक करण्याला मुदत घालता येत नाही. अभिमान येतो, पण हळूहळू. निदानाला जितका काळ लोटतो तितकी आपल्या ऑटिस्टिक स्वभावाबद्दलची नाराजी कमी होत जाते, आणि जिथे अभिमान जास्त तिथे आत्मसन्मानही जास्त, असं २०२१ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं. कुणाला ही ओळख कधीच जवळची वाटत नाही, तोही त्या माणसाचा हक्क आहे.

सगळ्यात अवघड काम मुखवट्याचं. ऑटिस्टिक माणसं त्याला मास्किंग म्हणतात. फोन करण्याआधी वाक्यं मनात घोकायची. डोळ्यांत बघणं सोसत नाही म्हणून समोरच्याच्या भुवयांच्या मधे बघायचं. कुणी "काय, झालं का जेवण?" म्हटलं तर खरंखुरं उत्तर द्यायचं नसतं हे पाठ करून ठेवायचं. हात हलवावेसे वाटले तर खिशात मुठी आवळायच्या. २०१७ मध्ये लंडनच्या लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी ९२ ऑटिस्टिक प्रौढांना याबद्दल विचारलं, तेव्हा थकवा ही तक्रार सर्वत्र होती. तिच्या जोडीला आणखी खोल तक्रार होती: मी नेमकी कोण, हेच आता मला ठाऊक नाही. म्हणूनच 'मुखवटा काढ' हा सल्ला वरवरचा ठरतो. तीस वर्षं चढवलेला मुखवटा कुठे संपतो आणि चेहरा कुठे सुरू होतो, हे त्या बाईलाच कळत नसतं. शिवाय मुखवटा उतरवणं परवडण्याचाही प्रश्न आहे. जिची नोकरी कंत्राटी आहे किंवा जी सासू-सासऱ्यांच्या घरात राहते, तिनं तो कुठे आणि किती काढायचा हे तिनंच ठरवावं.

या ओझ्याची किंमत भयंकर आहे. केंब्रिजमधल्या प्रौढांच्या निदानकेंद्रात नव्यानं आस्पर्गरचं निदान झालेल्या ३७४ जणांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी ६६ टक्क्यांच्या मनात आयुष्यात कधी तरी आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. उशिरा का होईना, निदान कशासाठी, या प्रश्नाचं याहून थेट उत्तर माझ्याकडे नाही. आपल्याकडे असं कुणाला वाटत असेल तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

नव्या ओळखीला बळ मिळतं ते आपल्यासारख्या माणसांत. डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये एक साधा मुद्दा मांडला: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन कळत नाही. अडचण दोन्ही बाजूंनी आहे. त्याला पुरावा मिळाला एडिंबरामधून. तिथल्या संशोधक कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी २०२० मध्ये आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखाच प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या, एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्यानं तिसऱ्याला. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट जितकी टिकली तितकीच फक्त इतरांच्या साखळीत टिकली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. आयुष्यभर 'तुला लोकांशी बोलता येत नाही' हेच ऐकलेल्या माणसाला या निष्कर्षानं केवढा धीर येत असेल!

वाद अर्थातच आहेत. ज्यांचं मूल बोलत नाही, ज्याला दिवसरात्र सोबत लागते, असे आईवडील विचारतात: नोकरी-संसार केलेल्या माणसाचा आणि आमच्या मुलाचा ऑटिझम एकच कसा? २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं अशा तीव्र गरजांसाठी 'प्रोफाउंड ऑटिझम' ही वेगळी संज्ञा सुचवली. २०२५ मध्ये 'नेचर'मधल्या एका अभ्यासानं लवकर आणि उशिरा निदान झालेल्यांमधले जनुकीय कल काही अंशी वेगळे असल्याचं दाखवलं. म्हणजे उशिराचं निदान ही प्रत्येक वेळी केवळ कुणाची तरी नजरचूक नसेलही. आईवडिलांचा हा प्रश्न मला रास्त वाटतो. न बोलणाऱ्या मुलाच्या गरजा कुणाच्या अभिमानाखाली झाकल्या जाऊ नयेत. पण त्यासाठी पन्नाशीच्या बाईला 'तुझं काही खरं नाही' म्हणण्याचं कारण नाही. दुसरा वाद रील्स पाहून स्वतःच ठरवण्याचा. जिथे तज्ज्ञ मिळत नाही आणि फी परवडत नाही तिथे माणसं स्वतः वाचून निष्कर्ष काढणारच. त्याला मी हसणार नाही. एवढंच म्हणेन की एडीएचडी, ओसीडी, लहानपणीचे आघात यांची लक्षणं ऑटिझममध्ये मिसळलेली असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे, म्हणून जमेल तेव्हा तपासून घ्यावं.

आता घरचं. भारतात १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा समावेशच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं तो आणला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आला. सरकारी नोकऱ्यांतलं जे चार टक्के आरक्षण आहे, त्यातल्या एका टक्क्यात ऑटिझमसह इतर काही प्रकारांचा वाटा आहे. पण प्रमाणपत्रासाठी 'इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम' ही मोजपट्टी लागते. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण, सत्तरपासून पुढे ऑटिझम. तिचा भर वरून दिसणाऱ्या वागण्यावर आहे. सगळं आतल्या आत दाबायला शिकलेली बाई तिथे सहज सत्तरच्या खाली राहू शकते. संशोधन आणि सेवा यांचा ओघही मुलांकडेच आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली पाच ठिकाणची मोठी भारतीय पाहणी, जिच्यात उत्तर गोवाही होतं, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची होती. गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं ऑटिझमवर केलेलं नावाजलेलं काम, मुंबईत २००१ पासून चाललेलं 'उम्मीद' हे केंद्र, हे सगळं मुलांसाठी आणि ते मोलाचंच आहे. मोठ्या माणसानं मात्र खासगी मानसोपचारतज्ज्ञ शोधायचा, तो मुंबई-पुण्यात, आणि तोही ऐकून घेणारा निघाला तर नशीब.

आणि घरी काय ऐकू येतं? "आता या वयात कळून काय उपयोग?" "थोडं थोडं सगळ्यांनाच असतं." "लग्न झालं, मुलं झाली, आणखी काय पाहिजे?" "धाकटीचं ठरायचंय अजून, बाहेर बोलू नकोस." यात नेहमीच दुष्टावा असतो असं नाही. घराण्यात काही आहे म्हटलं की स्थळं परततात ही भीती खरी असते. जिथे घरचे ऐकतात तिथे बदल लहान आणि रोजच्या व्यवहारातले असतात. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी हाक मारून सांगणं. लग्नाला जायचं, पण अक्षता पडल्या की जेवण करून निघायचं, आणि नवऱ्यानं मावशींना तसं आधीच सांगून ठेवायचं. गणपतीत ढोल-ताशा दारावरून जाताना तिनं आतल्या खोलीत हेडफोन लावून बसणं, आणि त्यावर कुणी काही न बोलणं. ऑफिसात साहेबांनी कामं तोंडी न सांगता मेलवर लिहून देणं.

इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या ऑटिस्टिक माणसांपैकी दहातल्या नऊ जणांचं निदान झालेलंच नसावं, असा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. आपल्याकडे चित्र याहून बरं असण्याचं कारण नाही. ही माणसं आता म्हातारपणाकडे निघाली आहेत. त्यांना आयसीयूत ठेवलं जाईल, अनोळखी हात अंगाला लागतील, वॉर्डातल्या ट्यूबलाइट रात्रभर जळतील. कुणी वृद्धाश्रमात सामायिक खोलीत राहतील आणि गडबड सोसली नाही की त्यांच्या नावापुढे 'भांडखोर' किंवा 'स्मृतिभ्रंश' लिहिलं जाईल. मोठ्यांमधला ऑटिझम ओळखायचं शिक्षण जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना मिळायला हवं, आणि दाखल करतानाच्या फॉर्मवर आवाज, उजेड, स्पर्श यांतलं काय सोसत नाही हे विचारणारी एक ओळ हवी. तिला फार पैसा लागत नाही.